चिंचेच्या ओंडक्यातला कोयता

गजानन, तुझा कोयता अजून निघालेला नाही.

त्या संध्याकाळी एका हवालदाराने ओंडक्याला पाय लावून ओढून पाहिला. मग दुसरा आला, मग दोघांनी मिळून ओढला, आणि शेवटी वैतागून त्यांनी तो ओंडक्यासकट गाडीत घातला. उचलताना एकाच्या कमरेत उसण भरली आणि त्याने तुला आईवरून शिवी दिली. मी शेजारीच उभी होते. माझ्या पदराला तुझं रक्त लागलेलं होतं. तरी त्या क्षणी मला बरं वाटलं. गेल्यावरही तू कुणाला तरी छळतो आहेस, याचं बरं वाटलं.

आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर कुणीतरी तुझ्याबद्दल ‘मनमिळाऊ, हसतमुख व्यक्तिमत्त्व’ असं लिहिलंय. खाली हात जोडलेल्यांची रांग. वाचून आधी हसू आलं, मग संताप आला. तू कुठला हसतमुख? तू तापट होतास, भांडखोर होतास, झारा फेकायचास. आपल्या गाड्यावर कुणी टाकोवर केचप मागितला की त्याच्या हातातला टाको काढून घ्यायचास आणि शेजारच्या वडापावच्या गाड्याकडे बोट दाखवायचास. मला हवा आहेस तो तू. त्या ग्रुपवरचा सज्जन त्यांनी ठेवून घ्यावा.

आपली ओळखच भांडणातून झाली. शुक्रवार पेठेतलं बिऱ्हाड मोडून मी लेकीजवळ खराडीला आले, ती नवऱ्याबरोबर परदेशी गेली आणि मी भिंतींशी बोलण्यापेक्षा डबे करायला लागले. तू समोरच्या इमारतीत राहायचास, उमरखेडहून आलेला, कारखान्यात इंजिनिअर. एके दिवशी डबा घेऊन तू स्वतः वर आलास आणि माझ्या ओट्यावर असा आपटलास की त्याला पोचा आला. “काकू, हे आमटी हाये का सरबत?”

मी म्हटलं, आमच्याकडे आमटीत गूळ असतो, तुमच्याकडे फक्त आवाज असतो का? तू डबा परत उचललास. मग खाली मांडी घालून ती सगळी आमटी माझ्यासमोर प्यालास, माफी न मागता. पोचा आलेला डबा मी टाकला नाही. अजून वापरते.

पुढे कंपनीने तुला तैवानला प्रशिक्षणासाठी पाठवलं आणि तिथून तू हे खूळ घेऊन आलास. वसतिगृहात तुझ्या खोलीत राउल नावाचा मेक्सिकोचा मुलगा होता. तो चुन्याच्या पाण्यात मका उकळायचा, वाटायचा आणि त्याच्या पातळ भाकऱ्या भाजायचा. वसतिगृहाखाली एक म्हातारी वाफवलेल्या पांढऱ्या पावात सोया सॉसमध्ये शिजवलेलं डुकराचं मांस, आंबवलेला पाला आणि दाण्याचं कूट भरून विकायची. एका संध्याकाळी तिचे पाव संपले, म्हणून तू तिचं मांस राउलच्या भाकरीत भरलंस. आपल्या आईच्या भाकरीचा हा अपमान आहे, असं त्याला वाटलं. त्याने ठोसा लगावला, तू लगावलास, तुझा पुढचा दात अर्धा गेला. आणि मग दोघांनी रक्ताळलेल्या तोंडांनी तो टाको अर्धा अर्धा खाल्लात. तुटका दात दाखवून तू ही गोष्ट गिऱ्हाइकांना सांगायचास. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला ती खोटी वाटायची. मला कधीच वाटली नाही, मी तुला जेवताना पाहिलं होतं.

परत आलास तोवर कंपनीने तुमचा विभागच बंद केला होता. दुसरी नोकरी शोधायची सोडून तू माझ्या दारात उभा. गाडा लावू म्हणालास. मी विचारलं, वेड लागलंय का? तर म्हणे, वेड लागलं म्हणूनच तुमच्याकडे आलो, शहाणे लोक ऐकूनच नाही घेत.

पहिली चूक चुन्याची. राउलचं माप तुला आठवत नव्हतं, आणि तुझा हात तंबाखू मळणाऱ्याचा. चिमूटभर तंबाखूला नखाएवढा चुना लागतो, तर पातेलंभर मक्याला किती, असा हिशेब तू मनात मांडलास आणि त्या हिशेबाने चुना ओतलास. वर मका धुतलासही घाईघाईने. पहिल्या घासाला आपल्या दोघांच्याही जिभा सोलवटल्या. मला बोलता येईना, म्हणून मी लाटणं घेतलं. या वयात मी तुला माझ्या दिवाणखान्यात सोफ्याभोवती पळवलं आणि एक पाठीत बसवलीच. नंतर कितीतरी दिवस आपण दोघं समोरासमोर बसून दूधभात गिळत होतो, तोही गार करून. तेव्हापासून मंडईच्या मागच्या दुकानातून चुना मी आणायचा आणि चमचा माझ्या ताब्यात, असं ठरलं. मका असा धुवायचा की साल बोटांखाली सुळकन निघालं पाहिजे. तो साधायला आपल्याला बरीच खरकटी पातेली आणि बरीच भांडणं लागली.

पण जमलं. तू भाकरी यंत्रावर दाबू द्यायचा नाहीस, हातावर थापायचास, आणि तुझ्या थापेचा आवाज रस्त्यापलीकडे जायचा. त्यावर दुपारभर गूळ, आलं आणि चक्रफूल घालून शिजलेलं मांस, मी मिठाच्या पाण्यात आंबवलेला मुळ्याचा पाला, भाजलेल्या टोमॅटोचा ठेचा, कोथिंबीर आणि शेवटी कूट. कंपन्यांमधली मुलं गळ्यात ओळखपत्रं अडकवून रांगेत उभी राहायची आणि तू त्यांच्यावर खेकसायचास. मीही खायचे. शुक्रवार पेठेतल्या शेजारणींना ते सांगायचं काही कारण नव्हतं.

आणि कोयता. मांस तोडायला तैवानच्या म्हातारीकडे होतं तसं रुंद, जड पातं हवं म्हणून तू गावाहून आईचा कोयता आणलास. तिने त्याच्याने वर्षानुवर्षं ऊस तोडला होता. वखारीतून चिंचेचा ओंडका आणलास आणि गाड्याच्या मधोमध ठेवलास. मला ते पसंत नव्हतं. हल्ली आपल्याकडे पोरं कोयते घेऊन फिरतात, उभ्या गाड्यांच्या काचा फोडतात, त्याचे व्हिडिओ काढतात. मी म्हटलं, चांगली सुरी घे, हे हत्यार दुकानात मांडू नकोस. तू असा चिडलास की पातेल्यावरचं झाकण खाली फेकलंस. “हे अवजार हाये, काकू. हत्यार नाई.”

मग तू मला तिची पद्धत सांगितलीस. फडात ती तुला गोधडीवर ठेवायची आणि तू रांगत सुटायचास. म्हणून पाणी प्यायला जरी थांबली, तरी ती कोयता खाली ठेवायची नाही. एखादं खोड बघून त्यात मारायची, म्हणजे तुझा हात पात्यावर पडायचा नाही. कोयत्यावरून हात काढला की तो लाकडात गेला पाहिजे, हा तिचा नियम. तूही तो पाळायचास. पाण्याचा जार आणायला गेलास, कुणाशी हुज्जत घालायला गाड्याबाहेर आलास, तरी आधी कोयता ओंडक्यात. त्या आवाजाने दचकून नवख्या गिऱ्हाइकांच्या हातातले टाको पडायचे आणि त्यांना वाटायचं, हा माणूस आता कुणाला तरी मारणार.

कुटाचं भांडण तेवढं मिटलं नाही. तैवानचं कूट गोड असतं हे तूच मला सांगितलंस. पुण्यातलंही गोडच असतं. पण तुला साखर नको, फक्त मीठ आणि तिखट. मी म्हणायचे, रश्श्यात गुळाची ढेप ढकलतोस तेव्हा तुझा बाणा कुठे जातो? तू म्हणायचास, आमच्या घरी दाण्याच्या कुटात गोड कुणी घालत नाही, आईला दाखवलं तर फेकून देईल. दोन बरण्या ठेवल्या, तर तू माझी लपवायचास. त्या दुपारीही हेच चाललं होतं. तू बरणी काखेत धरून म्हणालास, “दिवाळीले आई येऊन रायली. तिलेच इचारू. ते म्हनन तसं.” मी म्हटलं, ठरलं.

दिवे लागायच्या वेळेला ती पोरं आली. त्यांच्यातल्या म्होरक्याचे केस सोनेरी रंगवलेले होते. त्याला रील करायचं होतं आणि त्यासाठी तुझा कोयता हवा होता, कारण तो त्याच्याकडच्यापेक्षा मोठा होता. आधी काका म्हणून मागितला. तू नाही म्हणालास, तेही तुझ्या मानाने शांतपणे. मग त्याने रश्श्याचं उकळतं पातेलं लाथेने उलटवलं. रांगेत पुढे उभ्या असलेल्या मुलीच्या पायावर तो रस्सा पडला आणि ती किंचाळली. तू कोयता डोक्याच्या वर उचललास.

इथवर सगळ्यांनी पाहिलं. म्हणून आता सगळे एवढंच सांगतात. त्यापुढचं कुणी पाहिलं नाही, कारण सगळे पळाले. मी पळाले नाही. शौर्य वगैरे काही नाही, माझ्या गुडघ्यांनी मला पळता येत नाही.

तू तो खाली आणलास तो ओंडक्यात. गाडा हादरला, बरण्या एकमेकींवर आपटल्या. असा घाव तू कधीच घातला नव्हतास. मग ओल्या पिठाच्या मोकळ्या हातांनी तू बाहेर गेलास आणि त्या सोनेरी केसांच्या पोराच्या कानाखाली एक वाजवलीस. त्याच्या गालावर मक्याच्या पिठाची पाचही बोटं उमटली. त्यांनी दुचाकीच्या सीटखालून स्वतःचे कोयते काढले. पहिला वार तू हातावर घेतलास, थापायच्या हातावर. पुढचे मी मोजले नाहीत आणि लिहिणारही नाही. मी फडक्याने तापलेला तवा उचलला आणि फेकला. तो एकाच्या पाठीत बसला. नेम चांगला होता. त्या भाजलेल्या पाठीवरूनच पुढे तो सापडला. अजून तवे असते तर मी तेही फेकले असते, गजानन, आणि हे लिहिताना मला जराही लाज वाटत नाही. त्यांची हाडं मोडलेली मी रोज मनात पाहते. भाजी चिरतानाही पाहते.

तू रस्त्यावर पडला होतास आणि काहीतरी बोलत होतास. मला ते कळलं नाही. कळलं, असं मी कुणाला सांगणारही नाही.

त्यानंतर पोरांच्या बाजूने एकच गोष्ट पसरली. याने कोयता घेऊन आमच्यावर हल्ला केला, आम्ही जीव वाचवायला मारलं. ऐकणाऱ्यांना ती लगेच पटली. तापट होता, म्हणाले. गाड्यावर कोयता ठेवायचा, म्हणाले. केचपवाला एक गिऱ्हाईक तर म्हणाला, मला आधीच वाटलं होतं.

मग इस्त्रीच्या पांढऱ्या कपड्यांतले एक गृहस्थ माझ्याकडे आले. अतिशय सभ्य. चपला दाराबाहेर काढल्या, पाणी मागितलं. म्हणाले, काकू, आपण ज्येष्ठ, आपल्याला चष्मा, तिन्हीसांजेचं नीट दिसत नाही. पोरं लहान आहेत, त्यांचं आयुष्य पडलंय. आपल्याला नीट दिसलं नाही, एवढंच सांगा. मी म्हटलं, अहो, चष्मा दिसावं म्हणूनच लावतात. ते हसले, नमस्कार करून गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी आपला गाडा फोडलेला होता. काचा, शेगडी, बरण्या, सगळं. तुझं तिखट कूट आणि माझं गोड कूट रस्त्यावर एकत्र सांडलं होतं आणि त्यावर मुंग्या लागल्या होत्या.

मला भीती वाटली. खूप वाटली. तीन वेळा कडी तपासून झोपणारी बाई झाले मी. आणि जबाब द्यायचं ठरवलं तरी मनात येत होतं, की ती थप्पड गाळावी. उगारलेला कोयताही गाळावा. म्हणावं, हा गरीब बिचारा भाकऱ्या थापत होता. मग माझ्या जबाबातही तुझ्याऐवजी तो ग्रुपवरचा हसतमुख माणूस मेला असता.

तेवढ्यात तुझी आई आली. दिवाळीऐवजी आधीच आली. तुला गावी नेऊन, तिथले दिवस उरकून, एकटी बसने आली आणि माझ्या स्वयंपाकघरात भिंतीला टेकून बसली. चहा घेतला, दुसरं काही नाही. दिवस गेला, दुसरा गेला, तिने ताटाला हात लावला नाही. मी आग्रह केला, रागावले, ताट आपटलंही, तुझ्याकडून शिकले तसं. शेवटी तिने विचारलं.

“बाई, माह्या कोयत्यानं कोनाचं रगत काढलं का?”

मी नाही म्हटलं.

“तुमी डोळ्यानं पाह्यलं?”

पाहिलं, म्हटलं.

“मंग तिथं सांगा. मले सांगून काय होते.”

सकाळी आम्ही दोघी रिक्षाने पोलीस ठाण्यात गेलो. साहेबांनी मला खुर्ची दिली आणि विचारलं, मयताने कोयता उगारला होता का? मी म्हटलं, उगारला होता. लिहिणाऱ्याने माझ्याकडे पाहिलं. दाराशी बसलेल्या तुझ्या आईनेही पाहिलं. मी पुढे सांगितलं, की मग तो त्याने लाकडात मारला, मोकळ्या हाताने बाहेर गेला आणि त्या पोराच्या कानाखाली वाजवली. एकच. चांगली वाजवली, तेही लिहा. साहेबांनी चष्म्याबद्दल विचारलं. मी त्यांच्यामागच्या भिंतीवरचं कॅलेंडर तिथीसकट वाचून दाखवलं. मग त्यांना म्हटलं, “तुमच्या दोन माणसांकडून तो कोयता निघाला नाही. तो हातात घेऊन हा त्यांच्या अंगावर कसा धावला, ते मला समजावून सांगा.”

 त्यांनी जबाब वाचून दाखवला, मी पानापानावर सही केली. खटला उभा राहील, तारखा पडतील, मला पुन्हा बोलावतील. मी जाईन. गुडघ्यांनी पळता येत नसलं तरी चालता येतं.

ओंडका त्यांच्या मुद्देमालाच्या खोलीत मावला नाही, म्हणून बोळात प्लॅस्टिकच्या कागदाखाली ठेवलाय. उसण भरलेला हवालदारच आम्हाला तिकडे घेऊन गेला. कागद बाजूला करून म्हणाला, मावशी, लांबूनच बघा, हात लावू नका. तुझी आई वाकली. पातं कुठवर गेलंय ते तिने बराच वेळ पाहिलं. ते काम तिच्याइतकं तिथे कुणाला कळत नव्हतं.

“लय राग आला व्हता त्याले,” ती म्हणाली. मग म्हणाली, “लाकडातच मारला.”

आणि ती तिथेच खाली बसली. छाती बडवत, कपाळ फरशीवर आपटत अशी रडली की आतली माणसं बाहेर आली. हवालदाराने तिचं डोकं हातांत धरून ठेवलं. मीही रडले. इतके दिवस मला रडू येत नव्हतं, नुसता राग येत होता. रागही गेलेला नाही. पण तुझा राग कुठे गेला हे त्या लाकडात दिसत होतं, आणि माझा कुठे ठेवायचा ते मला अजून कळायचंय.

घरी आल्यावर ती म्हणाली, काही खायला आहे का?

मका मी आदल्या रात्री सवयीने भिजवला होता. मी वाटला, थापला. माझ्या भाकऱ्या जाड होतात, तुला माहीत आहे. फ्रीझरमध्ये तुझ्या रश्श्याचा एक डबा होता, तू जादा झाला म्हणून माझ्याकडे ठेवलेला. तुझ्या हातचं तेवढंच उरलं होतं. तो मी गरम केला, घरभर चक्रफुलाचा वास सुटला आणि तिने मान वर केली. टाकोवर मी कूट घातलं ते तुझ्या पद्धतीचं, मीठ आणि तिखट, साखर अजिबात नाही. आज तुझा मान, असं मनाशी म्हटलं.

तिने एक घास खाल्ला, सावकाश चावला. मग टाको उघडून आत पाहिलं.

“बाई, कुटात गूळ नाई टाकला का?”

 मी म्हटलं, तुमच्याकडे घालतात? घालतो की, म्हणाली, उसाच्या फडातले आम्ही, गुळाशिवाय कसलं कूट. गजाननला तर लहानपणी त्याशिवाय भाकरी उतरायची नाही.

खोटारड्या. एवढी वर्षं माझ्याशी भांडलास, बरण्या लपवल्यास, झाकणं फेकलीस, आणि घरी गूळ घातलेलं कूट खात वाढलास. मला त्या क्षणी लाटणं घेऊन तुझ्या मागे धावायचं होतं. सोफा आहे, लाटणं आहे, तू नाहीस.

मी डब्यातून गूळ काढला, किसला, कुटात कालवला आणि तिच्या पुढ्यात ठेवला. तिने तो सढळ हाताने भुरभुरला. एक खाल्ला, दुसरा मागितला, बोटं चाटली, पोचा आलेल्या डब्यातला उरलेला रस्सा भाकरीने पुसून घेतला.

तुझी आई जेवली, गजानन. तुला एवढंच सांगायचं होतं.